शिवाजी पार्कची लाल धूळ: एका मैदानाचं प्रकरण

ऑगस्टमध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर कांगा लीगचा क्रिकेट सामना बघायला थांबलात तर सीमारेषेजवळचा क्षेत्ररक्षक चेंडू अडवत नाही, शोधतो. गवत एवढं माजलेलं असतं की जोरात मारलेला फटकाही मध्येच अडकून बसतो. १९४८ पासून भर पावसात खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेची गंमतच ती आहे. जानेवारीत त्याच जागी या. गवताची काडी दिसणार नाही. पायाखाली तांबूस भुगा असेल, आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो भुगा उठून केळुसकर मार्गावरच्या घरांच्या खिडक्यांतून आत शिरेल. सकाळी फडका मारलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं, ही तिथल्या गृहिणींची तक्रार शब्दशः खरी आहे.

या दोन चित्रांमध्ये पाच महिन्यांचं अंतर आहे, आणि शिवाजी पार्कचं प्रकरण नेमकं त्या पाच महिन्यांचं आहे. गेल्या काही वर्षांत त्यावर जी चर्चा झाली ती बहुतेक महापालिकेने मैदानावर टाकलेल्या लाल मातीभोवती फिरली: कोणती माती टाकली, किती टाकली, आता ती कशी काढायची. माझ्या मते मातीवर नको तेवढा आळ घेतला गेला. घोळ आहे तो वेळापत्रकाचा.

आधी मैदान समजून घेऊ. क्षेत्रफळ १,१२,९३७ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २८ एकर. भोवतीचा कट्टा सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर. १९२५ मध्ये ते माहीम पार्क म्हणून लोकांसाठी खुलं झालं आणि १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. नावात पार्क आहे, पण ही बाग नव्हे. इथे क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत, जाळ्या आहेत, जिमखाना आहे, समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब आहे, उद्यान गणेश मंदिर आहे, नाना-नानी पार्क आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या, १९६६ पासून शिवसेनेचे दसरा मेळावे इथे झाले. २६ जानेवारी आणि १ मेची संचलनं इथे होतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांच्या मुक्कामाची, जेवणाची, पुस्तकांच्या स्टॉलची सोय इथे होते. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे आणि २०२२ मध्ये लता मंगेशकर यांच्यावर अंत्यसंस्कारही इथेच झाले.

ज्या शहरात दरडोई मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते, त्या शहरात एवढं मोठं मैदान कोणा एकाच्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. सकाळी पाचला फेऱ्या मारणारे आजोबा, सातला खांद्यावर किट टाकून आलेली पोरं, दुपारी कट्ट्यावर डबा खाणारे, संध्याकाळी भेळ घेऊन बसलेली जोडपी, आणि वर्षातून काही दिवस लाखोंचा समुदाय. प्रत्येकाला मैदान आपलंच वाटतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही.

आधीचा वाद आवाजाचा होता

धुळीच्या आधी रहिवासी भांडले ते आवाजावरून. वेकॉम ट्रस्ट या रहिवाशांच्या संस्थेने २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि मे २०१० मध्ये न्यायालयाने शिवाजी पार्कला शांतता क्षेत्र ठरवलं. शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. सभेतला पहिला ‘माझ्या तमाम’ उच्चारला की ती कधीच ओलांडलेली असते. त्यामुळे पुढची काही वर्षं दर दसऱ्याआधी परवानगीसाठी न्यायालयाची पायरी चढणं हा एक सणच होऊन बसला. पुढे खेळाव्यतिरिक्त वापरासाठी वर्षाला एकूण ४५ दिवस ठरले आणि त्यातले बरेच दिवस कोणत्या कार्यक्रमाचे हेही ठरलं.

हा तपशील इथे एवढ्यासाठी की मैदानाच्या वापराचा एकमेव लेखी हिशेब आज हा ४५ दिवसांचाच आहे. तो आवाजाच्या भांडणातून जन्मला, म्हणून तो दिवस मोजतो. आवाज रात्री दहाला बंद झाला की संपतो, दुसऱ्या दिवशी त्याची खूण उरत नाही. जमिनीचं तसं नसतं. व्यासपीठाचे लोखंडी सांगाडे घेऊन आलेला ट्रक दहा मिनिटं थांबून गेला तरी चाकाखालची माती पुढचे तीन-चार महिने पाणी पीत नाही. ४५ दिवसांच्या हिशेबात चाकं कुठेच धरलेली नाहीत. मंडप उभारायचे आणि उतरवायचे दिवसही त्या आकड्यातून निसटतात, कारण लोकांच्या लेखी कार्यक्रम एकाच दिवसाचा असतो.

माती आली

२०२१ च्या सुमारास महापालिकेच्या जी उत्तर विभागाने मैदानाच्या सुधारणेचं काम हाती घेतलं. बेत कागदावर चांगला होता. पावसाचं पाणी जिरवायला तीसहून अधिक रिंगवेल, म्हणजे कडी उतरवून बांधलेल्या विहिरी, त्या पाण्यावर चालणारे स्प्रिंकलर, मैदान सपाट व्हावं आणि गवत रुजावं म्हणून वरून लाल माती. धूळ कमी करणं हाच हेतू होता. पण गवत टिकलं नाही, माती राहिली, आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यापासून रहिवाशांच्या तक्रारींनी जोर धरला. धूळ आधीही होती. फरक एवढाच की आता ती लाल होती, म्हणून पडद्यावर, गाड्यांवर, तुळशीच्या पानांवर दिसायला लागली.

लाल मातीत दोष नाही. ओली असेपर्यंत तिचे कण एकमेकांना धरून असतात. म्हणून तर तालमीच्या हौद्यातली माती लाल असते, पण तिला रोज पाणी मिळतं आणि तीत तेल-ताक घालून ती मळली जाते. पाणी तुटलं आणि वरून रोज हजारो पावलं पडली की ढेकळांचा चुरा होतो, चुऱ्याचं पीठ होतं. जाड कण वाऱ्याने उड्या मारत थोडं पुढे जाऊन पडतात. बारीक कण हवेत तरंगतात, आणि दहा मायक्रॉनच्या आतले, ज्यांना पीएम १० म्हणतात, ते श्वासातून आत जातात. या कणांची २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे.

वाऱ्याची दिशा या प्रकरणात महत्त्वाची आहे. मैदानाच्या पश्चिमेला वीर सावरकर मार्ग, त्यापलीकडे जुना महापौर बंगला, लगेच समुद्र. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, म्हणजे धूळ मैदानाच्या पूर्वेकडच्या वस्तीवर जाते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वारा पडलेला असतो आणि थंड हवा जमिनीलगत साचते. तेव्हा मुलांच्या सरावाने उठलेली धूळ कुठे जात नाही, फेऱ्या मारणाऱ्यांच्या नाकाच्या उंचीवरच रेंगाळते. आरोग्यासाठी चालायला आलेला माणूस सगळ्यात वाईट हवा नेमकी त्याच तासाला घेतो.

दाद कोणाकडे मागायची हा प्रश्नही याच काळात अवघड झाला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि महापालिका प्रशासकाच्या हाती गेली. एरवी अशा तक्रारीत लोक नगरसेवकाला कट्ट्यावरच गाठतात. तो काही करो न करो, चार अधिकाऱ्यांना घेऊन मैदानात उभा तरी राहतो. तो दुवा नसल्यामुळे पत्रं विभाग कार्यालयात, तिथून उद्यान खात्याकडे, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अशी फिरली. रहिवाशांनी कट्ट्यावर निदर्शनं केली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माहीम मतदारसंघाच्या प्रचारात धूळ हा मुद्दा होता, आणि पार्काच्या मतदारांसमोर ती संपवण्याचा शब्द न देणं कुणाला परवडणारं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने महापालिकेला मैदानावरची लाल माती काढायला सांगितलं. महापालिकेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचं मत मागवलं. तिथून पुढे चर्चेचा कल माती सरसकट उचलण्यापेक्षा गवत लावण्याकडे झुकला.

माती काढली तर

‘सगळी माती उचला’ ही मागणी ऐकायला सोपी वाटते, म्हणून तिचा ढोबळ हिशेब मांडून बघू. एक वीत म्हणजे नऊ इंच. संपूर्ण मैदानावरची वीतभर माती काढायची म्हटलं तर ती २५ हजार घनमीटरच्या वर भरते. एका डंपरमध्ये दहा घनमीटर धरले तर अडीच हजारांहून जास्त खेपा होतात. प्रत्यक्षात माती सगळीकडे टाकलेली नाही आणि सगळीकडे सारखी जाड नाही, त्यामुळे आकडा कमी होईल. पण अर्धा झाला तरी सव्वा हजार डंपर केळुसकर मार्गावरून जाणार, आणि माती खरवडताना, भरताना, वाहून नेताना जी धूळ उडेल ती ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्यांच्याच घरात जाणार. शिवाय खाली जे उघडं पडेल तेही मातीच आहे. तिच्यावर गवत नसेल तर दोन हिवाळ्यांत तिचंही पीठ होईल. फक्त रंग वेगळा असल्यामुळे तक्रारी कदाचित कमी येतील!

टँकरने पाणी मारणं हा दुसरा, रोजचा उपाय. याचंही गणित सोपं आहे. संपूर्ण मैदानावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लाख १३ हजार लिटर, दहा हजार लिटरचे अकरा टँकर. मार्च-एप्रिलच्या उन्हात उघड्या ओल्या जमिनीवरून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. म्हणजे सकाळी अकरा टँकर रिकामे केले तरी ऐन वाऱ्याच्या वेळेपर्यंत जमीन पुन्हा कोरडी. टँकर आला होता याचा फोटो मिळतो, धूळ तेवढीच राहते.

म्हणून शेवटी गवतावरच यावं लागतं. कोणतं, यावर फार डोकं लढवायची गरज नाही. हरळी, म्हणजेच आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा, क्रिकेटच्या मैदानांवर जगभर वापरली जाते. ती उन्हाला दबत नाही, जमिनीवर सरपटत जाते, तुटलेल्या पेरातून पुन्हा फुटते आणि मुळांच्या जाळ्याने मातीचा कण धरून ठेवते. शिवाजी पार्कवर ती लावायलाही नको. जून-जुलैत ती आपोआप येते, कांगा लीगवाल्यांना विचारा. महापालिकेने काहीही केलं नाही तरी दर ऑगस्टला मैदान हिरवं होतं. तेव्हा गवत उगवायचं कसं हा इथला प्रश्नच नाही. ऑगस्टमधलं गवत पुढच्या जूनपर्यंत जिवंत कसं ठेवायचं, एवढंच काम आहे. त्याला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि विश्रांती.

पाण्याचं बघू. मुंबईत वर्षाला सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. या मैदानावर पडणारं पाणी त्या हिशेबाने जवळजवळ २५ कोटी लिटर होतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत सव्वादोनशे दिवस, रोज चार मिलिमीटर, असं पाणी हरळीला द्यायचं ठरवलं तर दहा कोटी लिटर लागतील. म्हणजे आकाशातून जे येतं त्याच्या चाळीस टक्के. रिंगवेलची कल्पना म्हणूनच मुळात वावगी नव्हती. अडचण अशी की हे पाणी जमिनीखाली साठवायचं आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात उपसा वाढला की खारं पाणी आत सरकण्याचा धोका असतो. म्हणून रिंगवेलचं पाणी दर महिन्याला तपासून त्याची नोंद ठेवायला हवी. पिण्याचं पाणी मैदानावर ओतणं या शहरात शोभणारं नाही. पण वरळीला दिवसाला ५० कोटी लिटरचं नवं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभं राहतं आहे. मैदानाची रोजची गरज साडेचार लाख लिटर, म्हणजे त्या क्षमतेच्या एका टक्क्याचाही दहावा भाग. वरळी ते दादर अंतर फार नाही.

पाणी मिळेल. अडतं ते विश्रांतीपाशी.

दोन पंचांगं

गवताचं पंचांग असं. जूनच्या मध्यात फुटवा, जुलै-ऑगस्टमध्ये वाढ, सप्टेंबरमध्ये मुळं खोल जायला सुरुवात. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. तिथून पुढचे सहा ते आठ आठवडे गवत सगळ्यात नाजूक असतं. वरून येणारं पाणी थांबलेलं, ऑक्टोबरचं ऊन कडक, मुळं अजून वरच्या थरातच. या काळात त्याला पाणी दिलं आणि तुडवलं नाही तर ते डिसेंबरात पाय रोवून उभं राहतं, नाहीतर संपतं.

आता सभांचं पंचांग. दसरा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे अगदी त्या नाजूक काळाच्या तोंडावर. लाखभर माणसं, व्यासपीठ, ट्रक. मग दिवाळीतली रोषणाई. मग ६ डिसेंबर आणि त्याआधीची तयारी. मग २६ जानेवारीच्या संचलनाच्या तालमी. मग गुढीपाडव्याची सभा, मग १ मे. मधल्या सगळ्या दिवसांत क्रिकेट, कारण दिवाळीनंतरच शाळांच्या आणि क्लबांच्या स्पर्धांचा मोसम भरात येतो. हरळीचा कोंब वर यायला बघतो तेव्हा दर वेळी कोणाचं तरी पाऊल आधीच तिथे असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणतो, कारण धुळीच्या चर्चेत ती हळूच आत शिरते. ‘बाहेरच्यांना’ बंद करा, मैदान रहिवाशांना ठेवा, हा सूर मला मान्य नाही. ६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला टेकायला जागा मिळणं हा या मैदानाच्या उपयोगांपैकी सगळ्यात मोलाचा उपयोग आहे. आणि गंमत म्हणजे जमिनीची सगळ्यात जास्त काळजी त्याच कार्यक्रमात घेतली जाते. धूळ उडू नये म्हणून महापालिका तेव्हा मैदानावर आच्छादन घालते. जे त्या दिवसांत जमतं ते राजकीय सभेला का जमू नये? ट्रकच्या वाटेवर जड चटया किंवा लोखंडी पत्रे अंथरणं ही काही अवघड गोष्ट नाही. मोठ्या क्रीडांगणांवर संगीताच्या कार्यक्रमांआधी हेच करतात. अनामत रक्कम परत देताना खुर्च्या उचलल्या का, एवढंच बघायचं की जमीन किती दबली हेही बघायचं, हे परवानगीच्या अटींत लिहिता येतं.

राहिलं क्रिकेट. इथे खेळाडूंना दुखवावं लागेल, आणि इथे खेळलेल्या मोठ्या नावांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या आपल्या सगळ्यांनाही. तेंडुलकर याच मैदानात आचरेकर सरांच्या हाताखाली घडला, पण त्या काळी सराव करणाऱ्या मुलांची संख्या आणि आजची यांची तुलना होत नाही. आज सकाळी एकाच्या सीमारेषेवर दुसऱ्याची खेळपट्टी असते. गवत वाचवायचं तर मैदानाचे चार भाग पाडून एक भाग आळीपाळीने दोन महिने पूर्ण बंद ठेवावा लागेल. म्हणजे एक चतुर्थांश जाळ्या त्या काळात दुसरीकडे हलणार. क्लबांचे भाडेपट्टे, प्रशिक्षकांचं उत्पन्न, मुलांचे पालक असं सगळं त्यात गुंतलेलं आहे. लाल मातीवर सगळे पक्ष बोलतात पण चतुर्थांश मैदान बंद करण्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही, याचं कारण हेच. माती टाकणं आणि काढणं हे कंत्राट असतं. त्याची निविदा निघते, बिल निघतं, उद्घाटन होतं. मैदान बंद ठेवण्याचं बिल निघत नाही, आणि फीत कापायला तिथे काही नसतं.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कुरण राखायचं तर गुरं आळीपाळीने चारायची, ही गावाची जुनी समज आहे. ‘राखीव’ म्हणून दगडाला चुना फासला की गुराखी तिकडे वळत नाही. दादरमध्ये चुन्याच्या दगडाचं काम कोण करणार? विभाग कार्यालय एकटं करू शकत नाही, त्याच्यावर एक फोन आला की दोरी सुटते. रहिवासी संस्था एकट्या करू शकत नाहीत, त्यांना क्लबवाले ‘मैदान बळकावायला निघालेत’ म्हणतात. क्लब स्वतःहून करणार नाहीत. हे तिघं आणि सभांची परवानगी देणारं खातं, असे चौघे मे महिन्यात एका टेबलाशी बसून पुढच्या मेपर्यंतचं एकच पंचांग लिहितील आणि ते कट्ट्यावर पाटी करून लावतील, तरच कोणता भाग कधी बंद आहे हे पहाटे आलेल्या बारा वर्षांच्या मुलालाही कळेल. त्या पाटीला ४५ दिवसांच्या हिशेबाइतकंच वजन हवं.

छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९६६ पासून मैदानाच्या कडेला उभा आहे. त्याच्या हातात तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. त्या चौथऱ्याभोवती रेलिंग आहे आणि रेलिंगच्या आत, जिथे कुणाचं पाऊल पडत नाही, तिथे बाग राखलेली आहे. ती मार्चमध्येही हिरवी असते. तीच हवा आहे, तेच ऊन आहे, आणि कुंपणाच्या बाहेर दोन पावलांवर लाल भुगा सुरू होतो.